गिरिनगरातील चार दिवस : शिमला

मैदानी प्रदेशातील शहर आणि पर्वतावरील शहर यांत एक मूलभूत भेद आहे. मैदानी शहरात माणूस पूर्वेस किंवा पश्चिमेस जातो. पर्वतावरील शहरात तो वर चढतो किंवा खाली उतरतो. तेथे पत्ता सांगतानाही रस्त्याच्या नावापेक्षा 'वरच्या अंगाला' आणि 'खालच्या अंगाला' हेच शब्द अधिक उपयोगी पडतात. दोन घरे एकमेकांपासून पन्नास पावलांवर दिसत असली, तरी एकाचे छप्पर दुसऱ्याच्या अंगणाच्या पातळीवर असते आणि त्यांच्यामध्ये दीडशे पायऱ्या असतात. पाणी, धान्य, सिमेंट, स्वयंपाकाचा गॅस, आजारी माणूस आणि सुटीसाठी आलेला पाहुणा, या सर्वांना तेथे कोणीतरी किंवा कशानेतरी वर न्यावे लागते. गिरिनगर समजून घ्यावयाचे असेल, तर तेथील देखाव्यांच्या बरोबरीने ही ओझ्याची व्यवस्थाही पाहिली पाहिजे.

हिमाचल प्रदेशाची राजधानी शिमला हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे शहर आहे. विवाहानंतर काही दिवस थंड हवेच्या ठिकाणी घालविण्याची रीत भारतीय मध्यमवर्गात आता चांगलीच रुळली आहे. रजा प्रवास सवलतीचा लाभ घेऊन येणारी, मुले मोठी होऊन संसारातून थोडी मोकळी झालेली जोडपीही शिमल्यास मोठ्या संख्येने दिसतात. अशा एखाद्या पतिपत्नींना शिमल्यात चार दिवस मिळाले, तर त्यांनी काय पाहावे आणि जे दिसते त्याचा अर्थ काय, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

थंडाव्याचे कारण

शिमला समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. हवेतील उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरीने सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. चंदीगड सुमारे सव्वातीनशे मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील आणि शिमल्याच्या तापमानात सामान्यतः अकरा-बारा अंश सेल्सिअसचा फरक पडतो. मे महिन्यात पंजाबचे मैदान भाजून निघत असताना शिमल्यात संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी लागते, ती यामुळेच.

उंचीचे आणखीही परिणाम होतात. येथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या पाऊण पटीहून किंचित अधिक असतो. त्यामुळे किनाऱ्यावरून आलेल्या प्रवाशाला पहिल्या दिवशी थोडा चढ चढताच धाप लागते. ही प्रकृतीच्या दुर्बलतेची खूण आहे असे समजून घाबरण्याचे कारण नाही. मात्र हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी पहिला दिवस विश्रांतीत घालविणे हिताचे. हवेचा दाब कमी असल्याने पाणीही शंभर अंशांऐवजी त्र्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. डाळ उघड्या पातेल्यात शिजण्यास वेळ लागतो, तो या कारणाने.

शहर एका डोंगरधारेवर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवर वसले आहे. ही धार म्हणजे एक मोठी जलविभाजक रेषा होय. तिच्या एका बाजूस पडलेले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून सतलजला मिळते आणि सिंधूबरोबर अरबी समुद्रास जाते. दुसऱ्या बाजूचे पाणी गिरी आणि यमुना या नद्यांतून गंगेत आणि अखेरीस बंगालच्या उपसागरात पोहोचते. धारेवर हात हातात घेऊन चालणाऱ्या दोघांपैकी एकाच्या छत्रीवरून निथळणारे पाणी पश्चिमेच्या आणि दुसऱ्याच्या छत्रीवरील पाणी पूर्वेच्या समुद्राला जाऊ शकते, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. या भूगोलाचा एक व्यावहारिक परिणाम मात्र कठोर आहे. ज्या शहरापासून सर्व बाजूंनी पाणी खाली वाहून जाते, त्या शहराला स्वतःची नदी नसते.

पहिला दिवस : कालक्यापासूनची चढण

शिमल्यास मोटारीने अधिक लवकर पोहोचता येते. परंतु पहिल्याच भेटीत शक्य असेल तर कालक्याहून आगगाडीने जावे. ही अरुंदमापी लोहमार्गाची गाडी ९६ किलोमीटरांचे अंतर कापण्यास पाच तासांच्या आसपास वेळ घेते. कालका ६५६ मीटरांवर आहे आणि शिमला स्थानक सुमारे २,०७६ मीटरांवर. म्हणजे गाडी चौदाशे मीटरांहून अधिक उंची चढते. ९ नोव्हेंबर १९०३ रोजी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. रुळांमधील अंतर प्रथम दोन फूट ठरले होते. पण लष्करी खात्याच्या आग्रहामुळे ते अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, करण्यात आले.

आगगाडीची चाके आणि रूळ दोन्ही पोलादाची असल्याने तीव्र चढावर चाके घसरतात. म्हणून डोंगरावर सरळ रेषेत रूळ टाकता येत नाहीत. उताराला वळसे घालीत, अंतर वाढवीत उंची गाठावी लागते. या मार्गावरील सर्वाधिक चढ ३३ मीटर अंतरास एक मीटर इतकाच ठेवला आहे. त्याची किंमत म्हणून मार्गात नऊशेंहून अधिक वळणे आली. आज १०२ बोगदे वापरात आहेत. लहानमोठ्या पुलांची संख्या आठशेंच्या वर आहे. हे पूल बहुतांशी दगडी कमानींचे असून काही ठिकाणी कमानींच्या ओळी एकीवर एक रचलेल्या आहेत. त्या पाहून प्राचीन रोमन जलवाहिन्यांची आठवण व्हावी. पर्वतीय लोहमार्ग म्हणून २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत या मार्गाचा समावेश झाला.

सर्वांत लांब बोगदा बरोगचा. त्याची लांबी ११४३ मीटरांहून थोडी अधिक आहे. या स्थानकावर गाडी थांबते आणि प्रवासी चहा-फराळ घेतात. बोगद्याची दोन टोके डोंगराच्या पोटात जुळली नाहीत, म्हणून अपमानित झालेल्या अभियंत्याने आत्महत्या केली आणि पुढे भलकू नावाच्या एका स्थानिक साधुवृत्तीच्या माणसाने नवा मार्ग दाखवून दिला, अशी कथा तेथे सांगितली जाते. कथेतील तपशील कितपत विश्वसनीय आहेत हा प्रश्न वेगळा. पण ज्या अनाम मजुरांनी हा डोंगर फोडला, त्यांच्यापैकी निदान एकाचे नाव लोकस्मृतीने जपले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रेल्वे नव्हती तेव्हा हाच प्रवास टांग्याने, घोड्यावरून किंवा झंपान नावाच्या खुर्चीवजा डोलीतून होत असे. डोली चार माणसांच्या खांद्यांवर चाले. पुढे माणसांनी ओढावयाच्या रिक्षा आल्या. चढावर त्यांनाही चार-चार माणसे लागत. लॉर्ड डलहौसीच्या काळात, १८५० साली, हिंदुस्थान–तिबेट रस्त्याचे काम सुरू झाले. त्यासाठी आणि अधिकाऱ्यांचे सामान वाहण्यासाठी पहाडी गावकऱ्यांना बेगारीने राबविले जाई. बेगार म्हणजे पेरणी असो वा कापणी, हुकूम येताच घर सोडून नाममात्र मोबदल्यावर किंवा फुकट ओझे वाहणे. १९२१ च्या सुमारास या प्रथेविरुद्ध जे आंदोलन झाले, त्याच्या अग्रभागी सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकेत जन्मलेला आणि कोटगढ येथे स्थायिक झालेला गृहस्थ होता. याच स्टोक्स यांनी सफरचंदाच्या उत्तम जातीची लागवड करून हिमाचलच्या शेतीस नवे वळण दिले.

दुसरा दिवस : धार, माल आणि खालचा बाजार

शिमल्याचा इतिहास फार जुना नाही. गुरख्यांबरोबरचे युद्ध १८१६ मध्ये संपल्यावर या टापूत इंग्रजांचा शिरकाव झाला. १८१९ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने येथे लाकडी घर बांधले आणि १८२२ मध्ये चार्ल्स प्रॅट केनेडी याने पहिले पक्के घर उभारले. १८६४ मध्ये सर जॉन लॉरेन्स याच्या कारकिर्दीत शिमला हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी ठरली. त्यानंतर दरवर्षी कलकत्त्याहून कागदपत्रे, कारकून, शिपाई आणि सेनापती यांसह सारे सरकार सुमारे सतराशे किलोमीटरांचा प्रवास करून डोंगर चढत असे. वर्षाचा मोठा भाग देशाचा कारभार या एका डोंगरधारेवरून चाले. हावड्याहून कालक्यास येणारी कालका मेल ही त्या वार्षिक स्थलांतराची साक्षीदार; २०२१ पासून ती नेताजी एक्सप्रेस या नावाने ओळखली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिज या नावाने प्रसिद्ध असलेल्या मोकळ्या पठारावर यावे. तेथील ख्राइस्ट चर्चचा पाया १८४४ मध्ये घातला गेला आणि १८५७ मध्ये त्याचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. याच पठारावर २५ जानेवारी १९७१ रोजी, हिमवर्षाव होत असताना, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हिमाचल प्रदेशास पूर्ण राज्याचा दर्जा मिळाल्याची घोषणा केली. ज्या धारेवरून परकी सत्तेने राज्य केले, तीच धार एका पहाडी लोकराज्याची राजधानी झाली.

रिजवर छायाचित्र काढून घेणाऱ्या फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते की, आपल्या पायाखाली पाण्याचा प्रचंड हौद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या हौदात सुमारे पंचेचाळीस लाख लिटर पाणी मावते. शहराच्या मध्यभागातील वस्तीस येथूनच पाणी खाली सोडले जाते. धारेच्या उत्तर अंगास जमीन खचण्याचे प्रकार वेळोवेळी घडले आहेत, आणि म्हणून या पठारावरील भार हा नगराच्या काळजीचा विषय आहे.

रिजच्या किंचित खालून जाणारा माल रस्ता हा वाहनांना बंद असतो. इंग्रजी अमलात येथे गाडीने फिरण्याचा अधिकार व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर या तिघांनाच होता. आज रुग्णवाहिकांसारखी अत्यावश्यक वाहने वगळता साऱ्यांनाच पायी चालावे लागते. त्या विशेषाधिकाराचे असे सार्वजनिक सुखात रूपांतर झाले. पतिपत्नींना निवांत बोलत चालता येईल असा, मोटारीच्या कर्ण्यापासून मुक्त रस्ता भारतीय शहरांत आज दुर्मीळ आहे. याच रस्त्यावर १८८७ मध्ये सुरू झालेले गेइटी नाट्यगृह आहे. हेन्री आयर्विन या वास्तुशिल्पज्ञाने ते योजिले होते. दुरुस्तीनंतर २००९ पासून ते पुन्हा रसिकांसाठी खुले आहे.

मालवरून दहा-वीस पायऱ्या उतरताच लोअर बाजार लागतो. वर काचेची दालने आणि लोकरी शाली, तर खाली धान्य, भांडी, मसाले, शिंपी आणि मिठाईवाले. ही उतरंड योगायोगाने झालेली नाही. वसाहतकालीन शिमल्यात गोऱ्या साहेबांची वस्ती वर आणि त्यांची सेवा करणाऱ्या देशी लोकांची वस्ती खाली, अशी मांडणीच होती. डोंगराच्या उंचीने समाजातील उंची दर्शविली जाई. आजचा लोअर बाजार हा शिमल्यातील रहिवाशांचा खरा बाजार आहे. त्यात तासभर हिंडल्यावाचून शहर पाहिले असे म्हणता येणार नाही.

याच पायऱ्यांवर पाठीवर दोरीने बांधलेले ओझे घेऊन, कमरेत वाकून सावकाश चढणारे हमाल दिसतात. त्यांतील अनेक जण काश्मीरमधून आलेले असतात. शिमल्यात त्यांना 'खान' म्हणतात. काही सिरमौरसारख्या हिमाचलच्याच भागातून येतात. गॅसच्या टाक्या, कपाटे, सिमेंटची पोती, पाहुण्यांच्या पेट्या असे सारे काही त्यांच्या पाठीवरून वर जाते. कार्ट रोडपासून मालपर्यंत माणसांसाठी उद्वाहक आहे. पण त्याच्या पलीकडे घराघरापर्यंत पोहोचणाऱ्या पायऱ्यांवर पाठीशिवाय दुसरे वाहन नाही. बेगार केव्हाच संपली, हे खरे. तथापि हमालाला ओझे देताना मजुरी आधी स्पष्ट ठरवावी, ती वाजवी असावी आणि एका माणसावर दोघांचे ओझे लादू नये, एवढे भान पाहुण्यांनी ठेवणे हा त्या इतिहासाचा किमान धडा आहे.

तिसरा दिवस : सत्तेचे घर, विद्येचे घर

शहराच्या पश्चिमेस ऑब्झर्व्हेटरी हिल नावाची टेकडी आहे. १८४० च्या दशकात येथे चुंबकीय निरीक्षणांसाठी वेधशाळा होती, त्यावरून हे नाव पडले. या टेकडीवर व्हाइसरॉयसाठी बांधलेला भव्य प्रासाद १८८८ मध्ये पूर्ण झाला. त्याचाही शिल्पज्ञ आयर्विनच. करड्या दगडाच्या भिंती, ब्रह्मदेशातील सागवानाचे अंतर्गत लाकूडकाम आणि त्या काळी अपूर्वाईची असलेली विजेची रोषणाई ही त्याची वैशिष्ट्ये होत.

या वास्तूत जे घडले त्याचा आपल्या सर्वांच्या जीवनाशी संबंध आहे. २५ जून १९४५ रोजी लॉर्ड वेव्हेल याने बोलाविलेली परिषद येथे सुरू झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मुस्लिम सदस्य नियुक्त करण्याचा अधिकार केवळ मुस्लिम लीगचाच, हा जिनांचा आग्रह काँग्रेसने मानला नाही, आणि जुलैच्या मध्यास परिषद अयशस्वी झाल्याचे जाहीर झाले. मे १९४७ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन याने सत्तांतराचा मसुदा येथेच पंडित नेहरूंना दाखविला; नेहरूंनी त्यास तीव्र विरोध केल्यावर व्ही. पी. मेनन यांनी घाईने नवा आराखडा तयार केला. स्वातंत्र्यानंतर ही वास्तू राष्ट्रपती निवास झाली. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने ती विद्वानांच्या हाती सोपविली गेली आणि १९६५ मध्ये तेथे भारतीय उच्च अध्ययन संस्थेचे कार्य सुरू झाले. ज्या दालनांत सरदार-दरकदारांच्या मेजवान्या झडत, तेथे आज ग्रंथ आहेत. प्रवाशांना वास्तूचा काही भाग मार्गदर्शकासह पाहता येतो. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील २ जुलै १९७२ चा शिमला करार मात्र येथे झाला नाही. तो बार्न्स कोर्ट या दुसऱ्या वास्तूत झाला. अनेक प्रवासी या दोहोंत गल्लत करतात.

येथून जवळच समर हिल आहे. राजकुमारी अमृत कौर यांच्या तेथील मॅनरव्हिल या घरी महात्मा गांधी उतरत. चित्रकार अमृता शेर-गिल यांचेही शिमल्यातील वास्तव्य याच भागात होते. महाराष्ट्रीय प्रवाशांना जाखू टेकडीवरील रॉथनी कॅसल या घराविषयी विशेष कुतूहल वाटेल. तेथे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम राहत असत. त्यांच्या प्रयत्नांनी काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये भरावयाचे ठरले, ते पुण्यास. पटकीच्या साथीमुळे ते ऐनवेळी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत भरविण्यात आले.

समर हिलशी एक अलीकडची दुःखद आठवणही निगडित आहे. १४ ऑगस्ट २०२३ रोजी, श्रावणातील सोमवारी, अतिवृष्टीमुळे येथे दरड कोसळली आणि पूजेसाठी जमलेल्या भाविकांसह एक शिवमंदिर गाडले गेले. वीस जणांचा बळी गेला. त्याच प्रलयात रेल्वेमार्गाखालची माती वाहून जाऊन रूळ हवेत लोंबकळत राहिले. पुन्हा गाडी सुरू होण्यास ऑक्टोबर उजाडला.

डोंगराच्या उतारावरील माती आणि सैल खडक घर्षणाच्या बळावर आपल्या जागी राहतात. पावसाचे पाणी मुरले की मातीचे वजन वाढते आणि कणांमधील पकड ढिली होते. झाडांची मुळे ही पकड टिकवितात आणि मोकळे नाले पाणी वेगाने काढून देतात. झाडे तोडली, नाले मलब्याने बुजविले, रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला आणि वर सहा-सात मजल्यांचा भार ठेवला, तर उतार केव्हातरी सरकणारच. जुने पहाडी बांधकाम याबाबतीत सावध होते. लाकडी चौकटीत दगडमाती भरून केलेल्या धज्जी भिंती हलक्या आणि लवचिक असल्यामुळे भूकंपाचे धक्के सोसतात. ४ एप्रिल १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात वीस हजारांवर माणसे दगावली. ही भूमी किती अस्थिर आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये शिमल्यातील इमारतींवर अडीच मजल्यांची मर्यादा घातली होती. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाचे आदेश रद्द केले आणि राज्य शासनाच्या विकास आराखड्याचा मार्ग मोकळा केला. रहिवाशांना घरे हवीत आणि डोंगराला मर्यादा आहे. या दोन सत्यांचा मेळ घालणे हे काम न्यायालयाच्या एका निर्णयाने संपणारे नाही.

चौथा दिवस : वनराई, बर्फ आणि पाणी

शेवटच्या दिवशी पहाटे जाखूची चढण चढावी. २,४५५ मीटर उंचीचे हे शिखर शिमल्यातील सर्वांत उंच स्थान होय. माथ्यावर हनुमानाचे जुने मंदिर असून २०१० मध्ये तेथे १०८ फूट उंचीची मूर्ती उभारण्यात आली. माकडे धीट आहेत; चष्मा आणि खाद्यपदार्थ सांभाळावेत. वाटेवर देवदार आणि बान या जातीच्या ओक वृक्षांची दाट सावली आहे. मार्च-एप्रिलमध्ये आल्यास बुरांसाची लाल फुले दिसतात. त्यांचे सरबत येथे आवडीने पितात. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरून आकाश स्वच्छ होते आणि उत्तरेकडील हिमशिखरांची रांग स्पष्ट उमटते.

लक्कड बाजाराच्या खाली १९२० मध्ये सुरू झालेले बर्फावरील घसरखेळाचे मैदान आहे. येथे पाणी यंत्राने गोठवीत नाहीत. धारेच्या उत्तर अंगास, जाखूच्या सावलीत, हिवाळ्यात सूर्यकिरण क्वचितच पोहोचतात. संध्याकाळी जमिनीवर फवारलेले पाणी रात्रीच्या थंडीने गोठते आणि सकाळी त्यावर खेळ सुरू होतो. रात्री ढगाळ किंवा उबदार असतील, तर खेळ होत नाही. दक्षिण उतारावरची घरे मात्र उन्हात असतात. एकाच शहरात एका बाजूस बर्फ आणि दुसऱ्या बाजूस वाळत घातलेले कपडे, असे दृश्य त्यामुळे दिसते.

आता पुन्हा पाण्याकडे वळू. शिमल्याची मूळ योजना सुमारे पंचवीस हजार वस्तीसाठी होती, असे सांगण्यात येते. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीतील लोकसंख्या १,६९,५७८ होती, आणि सुटीच्या दिवसांत त्यात हजारो पाहुण्यांची भर पडते. धारेवर नदी नसल्यामुळे गुम्मा, गिरी यांसारख्या ठिकाणांहून, खोल दरीतील प्रवाहांचे पाणी पंपांनी शेकडो मीटर वर चढवावे लागते. म्हणजे शिमल्यातील नळाच्या प्रत्येक घागरीत विजेचा खर्च आहे.

अश्वनी खड्ड या ओढ्याचेही पाणी शहरास पुरविले जात असे. त्यात सांडपाणी मिसळल्यामुळे २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या आरंभी शहरात काविळीची मोठी साथ पसरली. वरच्या वस्तीचे सांडपाणी खालच्या झऱ्यात उतरते आणि तेच पाणी पंपाने पुन्हा वर येते, हे गिरिनगराचे दुष्टचक्र त्या वेळी उघडे पडले. पुढे २०१८ च्या मे-जूनमध्ये, हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस कमी पडल्याने, झरे आटले. कित्येक वस्त्यांना आठवडाभर पाणी मिळाले नाही. स्त्रिया आणि मुले रात्री-अपरात्री टँकरपुढे रांगेत उभी राहिली. उच्च न्यायालयास पाणीवाटपात लक्ष घालावे लागले. प्रवाशांनी तूर्त शिमल्यास येऊ नये, असे आवाहन खुद्द शिमल्याच्या नागरिकांनी केले. ज्या शहराचा मोठा रोजगार पाहुण्यांवर चालतो, त्याने पाहुण्यांना असे सांगावे यावरून संकटाची तीव्रता कळते. त्यानंतर पाणीपुरवठ्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि सतलजमधून पाणी उचलण्याची योजना हाती घेण्यात आली.

पाहुण्यांचे कर्तव्य

हे वाचून शिमल्यास जाऊ नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हॉटेलातील नोकर, टॅक्सीचालक, शाली विणणारे, बागाईतदार आणि हमाल यांची चूल पर्यटनावर पेटते. प्रश्न केव्हा आणि कसे जावे, हा आहे. मे-जूनची आणि नाताळची गर्दी टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्चमध्ये जाणाऱ्या जोडप्यास खोली स्वस्त मिळते, डोंगर अधिक स्वच्छ दिसतात आणि शहरावरील ताण विभागला जातो. एका दिवसात पाच स्थळे मोटारीने उरकण्यापेक्षा चार दिवस एकाच ठिकाणी राहून पायी हिंडल्यास पेट्रोलचा धूर कमी होतो आणि पैसा छोट्या दुकानदारांपर्यंत पोहोचतो. मुसळधार पावसाच्या काळात, जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, प्रवास शक्यतो टाळावा. तो करावाच लागला तर स्थानिक प्रशासनाच्या सूचना कसोशीने पाळाव्यात. स्नानास एक बादली पाणी पुरत असेल, तर दुसरी भरू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या दरीत टाकू नयेत. त्या नाले बुजवितात आणि बुजलेला नाला पावसाळ्यात दरडीला आमंत्रण देतो.

चार दिवसांनंतर परतीची गाडी पुन्हा शंभरावर बोगद्यांतून खाली उतरते. उतरताना इंजिनाला जोर लावावा लागत नाही. सारी चिंता वेग आवरण्याची असते. शिमल्यासारख्या शहरांपुढेही आज तोच प्रश्न आहे. शंभर वर्षे त्यांना अधिक माणसे आणि अधिक सामान वर कसे न्यावे याची विवंचना होती. आता किती न्यावे, हे ठरविण्याची वेळ आली आहे. त्या निर्णयात शासन आणि रहिवासी यांच्याबरोबर सुटीस येणाऱ्या प्रत्येक पतिपत्नींचाही लहानसा वाटा आहे.